घरात जिम उभी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात जिम करायचं ठरलं की बहुतेक जण आधी यंत्रं बघायला लागतात. इथली उत्तरं उलट्या क्रमानं लावली आहेत: आधी जागा आणि जमीन, मग वजनं, आणि यंत्रं शेवटी. सगळं वाचलंच पाहिजे असं नाही, अडलेला प्रश्न शोधा आणि तेवढंच वाचा. फक्त एकट्यानं रॉड उचलणार असाल तर बेंच प्रेसचा (बेंचवर झोपून रॉड छातीवरून वर ढकलण्याचा) प्रश्न टाळून पुढे जाऊ नका.

जागा किती लागते?

चटई अंथरून चारी बाजूंना हातपाय पसरता येतील इतकी, म्हणजे साधारण सहा बाय सात फूट, मोकळी जागा असली की डंबेल्स, बँड आणि अंगाच्या वजनाचे व्यायाम आरामात होतात. बेंच आणला तर डोक्यामागे आणि दोन्ही बाजूंना थोडी जागा वाढवा.

खरी पंचाईत मोठ्या रॉडची होते. ऑलिम्पिक मापाचा रॉड २.२ मीटर, म्हणजे जवळजवळ सव्वासात फूट लांब असतो. आठ फुटांच्या खोलीत तो मावतो, पण टोकांना वजनाच्या प्लेटा चढवायला माणूस मावत नाही. दोन्ही टोकांना दोन-दोन फूट सोडायचे तर अकरा फुटांच्या आसपास रुंदी लागते. एवढी नसेल तर आखूड रॉड मिळतात, पण घेण्याआधी एक बघा: रॉडच्या दोन जाड टोकांमधलं अंतर रॅकच्या (रॉड टेकवायच्या उभ्या चौकटीच्या) खांबांमधल्या अंतरापेक्षा जास्त आहे का? सहा फुटी रॉड कित्येक रॅकवर बसतच नाहीत, आणि हे सामान घरी आल्यावर कळतं.

माझा आग्रह एकच. काहीही मागवण्याआधी त्या वस्तूचं माप जमिनीवर चिकटपट्टीनं आखा. बेंचचा चौकोन, रॅकचा चौकोन, रॉडची आडवी रेघ. मग चार दिवस त्या खोलीत नेहमीसारखे वावरा. कपाटाचं दार उघडून बघा, खिडकी लावून बघा, झाडू मारा. ज्या रेघेवर रोज पाय पडतो तिथे उद्या लोखंड असणार आहे. दोन-तीन दिवसांतच पट्ट्या सोलून जागा बदलावीशी वाटते, आणि रॅक हलवण्यापेक्षा पट्टी हलवणं केव्हाही सोपं.

छताची उंची किती हवी?

घरातल्या सगळ्यात उंच माणसाला बूट घालून उभं करा, मुठीत काठी धरून हात पूर्ण वर ताणायला सांगा आणि काठीपर्यंतची उंची मोजा. पूर्ण आकाराच्या प्लेटचा व्यास ४५ सेंमी असतो, म्हणून त्यात २२.५ सेंमी मिळवा. मॅटची जाडी मिळवा आणि वर चार बोटं जादा ठेवा. पावणेसहा फुटांच्या आतबाहेरच्या माणसाची मूठ साधारण २१० सेंमीवर पोचते, तेव्हा हिशोब २४५ सेंमीच्या आसपास जातो. छत त्याहून खाली असेल तर रॉड डोक्यावर नेण्याचा व्यायाम बसून करा किंवा डंबेल्सनं करा, काही बिघडत नाही.

पंख्याखाली उभं राहून वजन वर नेऊ नका, इतकं सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

पुलअपला बारच्या वर डोकं जातं, तिथे किमान एक फूट मोकळा हवा. ट्रेडमिलवर माणूस वीतभर उंच उभा राहतो, चढ लावला की पुढचा भाग आणखी वर येतो आणि धावताना डोकं उसळतं, हे तिन्ही धरून मोजा.

आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. स्लॅबला एवढं वजन झेपेल का?

बांधकामाच्या नियमांत राहत्या खोलीचा स्लॅब साधारणपणे दर चौरस मीटरला १५० ते २०० किलो भार धरून आखलेला असतो. आता रॅक ८० किलो, रॉड आणि प्लेटा १२०, बेंच २० आणि तुम्ही ८०, असे ३०० किलो चार चौरस मीटरवर पसरले तर दर चौरस मीटरला ७५ किलो होतात. म्हणजे नुसतं ठेवलेलं वजन सहसा अडचणीचं नसतं. अडचण दोन गोष्टींची असते. एक, रॅकचा सगळा भार चार बारीक पायांवर येतो, म्हणून खाली प्लायवूड टाकून तो पसरवावा. दुसरी, आपटणं. शंभर किलोचा रॉड कमरेपासून सोडला की जमिनीला बसणारा धक्का त्याच्या वजनाच्या कितीतरी पट असतो.

भिंतीजवळ किंवा तुळईजवळ सामान ठेवलं तर बरं. लाकडी तक्तपोशी, भिंतीबाहेर काढलेली गॅलरी, ओल आलेला किंवा तडे गेलेला स्लॅब असेल तर मात्र अंदाज बांधत बसू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

जमिनीवर काय टाकायचं?

एकमेकांत अडकणारे रंगीत फोमचे चौकोन योगासनांना आणि पोटाच्या व्यायामांना छान. पण खांद्यावर वजन घेऊन त्यांच्यावर बैठक मारली की पावलं रुततात आणि घोटा डगमगतो. वजनांखाली घट्ट रबरच हवं. डंबेल्सपुरतं काम असेल तर ८ ते १० मिमी पुरे. रॉड जमिनीवरून उचलायचा असेल तर १५ ते २० मिमी घ्या, आणि जिथे प्लेटा टेकतात तिथे रबराखाली प्लायवूडचे दोन थर द्या. फरशी एखाद्या ठिकाणी पोकळ वाजत असेल तर ती जागा आधीच टाळा, पहिला तडा तिथेच जातो.

जुन्या टायरांच्या चुऱ्यापासून केलेल्या मॅटला वास येतो. साबणाच्या पाण्यानं धुऊन काही दिवस मोकळ्या हवेत ठेवली की तो बराच उतरतो. बंद झोपायच्या खोलीत मात्र ही मॅट आणूच नये असं माझं मत आहे. विनाइलच्या जमिनीवर रबर थेट टाकलं तर कायमचे पिवळट डाग पडतात, मध्ये काहीतरी अंथरा.

खालच्यांची तक्रार येईल का?

वजन आपटलंत तर येईल, आणि ती योग्यच असेल. संगीताचा आवाज हवेतून जातो, दार लावलं की कमी होतो. वजनाचा धक्का स्लॅबमधून, भिंतीतून जातो आणि दोन मजले खालीही ऐकू येतो. मॅट त्याची धार कमी करते, तो नाहीसा करत नाही. खरा उपाय म्हणजे वजन सावकाश खाली ठेवणं. तसंही ते खाली नेताना स्नायूंवर ताण चांगला येतो, त्यामुळे यात तुमचं नुकसान काहीच नाही. दोरीवरच्या उड्या आणि ट्रेडमिलवरचं धावणं हे मात्र डेडलिफ्टपेक्षा (रॉड जमिनीवरून उचलण्यापेक्षा) जास्त छळतं, कारण ते अर्धा तास अखंड चालतं. त्यांच्या वेळा खाली विचारून ठरवा.

सुरुवातीला नेमकं काय घ्यावं?

इथे यंत्रांची यादी अपेक्षित असते. त्याऐवजी शरीर काय काय करतं ते बघू. ढकलणं, ओढणं, बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं आणि वजन घेऊन चालणं. जवळपास प्रत्येक व्यायाम यांपैकी एकात बसतो. आता घरात काहीच नसताना यातलं काय जमतं? ढकलायला पुशअप आहेत, ज्यात अंगाच्या वजनाचा साधारण दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो. उठायला-बसायला बैठका आहेत, पुढे एका पायावरच्या बैठका. वाकून उचलायला पाण्याचा भरलेला कॅन किंवा पुस्तकांनी भरलेली सॅक चालते, आणि तीच घेऊन चालताही येतं.

राहिलं ओढणं. रिकाम्या खोलीत ओढायला काही नसतं, आणि म्हणूनच घरी व्यायाम करणाऱ्यांची छाती आणि खांदे पुढे जातात, पाठ मागे राहते. त्यामुळे पहिला पैसा ओढण्याच्या साधनावर घाला: पुलअप बार, रिंगा किंवा चांगला लांब बँड. डंबेल्स त्यानंतर, मग बेंच. या चार-पाच गोष्टींवर बहुतेकांचं पहिलं वर्ष सहज निघतं. रॉड आणि रॅकची वेळ येते तेव्हा ती आपोआप कळते, कारण पायांना डंबेल्स कमी पडायला लागतात.

डंबेल्स ठरलेल्या वजनाचे घ्यावेत की बदलता येणारे?

जागा भरपूर असेल तर ठरलेल्या वजनाचे षट्कोनी रबरी डंबेल्स सगळ्यात निर्धोक. घरंगळत नाहीत, खाली टेकले तरी काही होत नाही, आणि उचलले की सेट, म्हणजे न थांबता करायची एक फेरी, सुरू. पण हलक्यापासून जडपर्यंत जोड्या मांडल्या की एक भिंत त्यांचीच होते.

बदलता येणाऱ्यांत दोन प्रकार आहेत. एकात दांड्याला आटे असतात, प्लेटा घालून टोकाला नट आवळायचा. दिसायला जुनाट, पण वर्षानुवर्षं टिकतो, प्लेट फुटली तर दुसरी मिळते. त्याची खोड एकच: सेट मारताना नट हळूहळू सैल होतो. प्रत्येक सेटआधी दोन्ही नट हातानं आवळायची सवय लावा, विशेषतः वजन चेहऱ्यावरून जाणार असेल तेव्हा. दुसऱ्या प्रकारात चकती फिरवून वजन निवडायचं. बदल काही सेकंदांत होतो, जागा एका जोडीचीच लागते. पण आतली कळ नाजूक असते. हे डंबेल कधी टाकू नका, आणि उचलण्याआधी दोन्ही टोकांचे आकडे जुळताहेत ना ते बघा.

घेताना वरच्या वजनाइतकंच मधल्या पायऱ्यांकडे लक्ष द्या. १० किलोवरून थेट १२.५ वर जाणं म्हणजे एका उडीत २५ टक्के वाढ. पायांना ती चालते, खांद्याच्या बाजूच्या व्यायामाला अजिबात नाही. एक-सव्वा किलोच्या छोट्या प्लेटा असतील तर महिनोन्महिने अडून बसायची वेळ येत नाही.

रॉड आणि प्लेटा निवडताना काय बघायचं?

आधी भोक. साध्या प्लेटांचं भोक साधारण एक इंची असतं, ऑलिम्पिक प्लेटांचं ५० मिमीचं. एकदा एक माप निवडलं की सगळं त्याच मापाचं घ्या, नाहीतर अर्धं सामान अर्ध्या सामानाला बसत नाही. पुढे वजनं वाढवायचा विचार असेल तर सुरुवातीलाच ५० मिमीचं माप धरा.

स्पर्धेतला पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि पकडीला २८ मिमी जाड असतो. स्त्रियांचा १५ किलोचा, २५ मिमी जाड आणि २.०१ मीटर लांब. हाताचा पंजा लहान असेल तर हा दुसरा रॉड पुरुषांनीही घ्यायला हरकत नाही, पकड खूप सुधारते. रॉडची टोकं मुक्त फिरली पाहिजेत. फिरली नाहीत तर प्लेटांचा झोक थेट मनगटावर येतो.

प्लेटा ओतीव लोखंडाच्या असोत की रबरी, वजन तेच. फरक व्यासाचा आहे. रबरी बंपर प्लेटा सगळ्या ४५ सेंमीच्या, मग ती १० किलोची असो की २० ची. लोखंडी हलक्या प्लेटा लहान असतात, त्यामुळे डेडलिफ्टला रॉड नडगीवर खूप खाली राहतो आणि पाठ वाकवल्याशिवाय हात पोचत नाही. अशा वेळी प्लेटांखाली फळ्या ठेवून रॉड उंच करा.

घरी एकटाच असतो. बेंच प्रेस केलेला चालेल का?

रॅक आणि त्याच्या सेफ्टीशिवाय (रॉड अंगावर पडू न देणाऱ्या आडव्या बारशिवाय), रॉडनं, एकट्यानं: नाही. यावर तडजोड नाही. छातीवर अडकलेला रॉड पोटाकडे घरंगळवता येतो, पण गळ्यावर आला तर काही सेकंदांत माणूस हतबल होतो. असे मृत्यू झालेले आहेत आणि ते बरेचसे घरातच, एकट्यानं व्यायाम करताना झाले आहेत.

रॅक असेल तर आडव्या सेफ्टी बारची उंची नीट बसवा. बेंचवर झोपा, नेहमीसारखी छाती वर काढा आणि रिकामा रॉड छातीला टेकवा. सेफ्टी त्याच्या जेमतेम खाली हवी. मग छाती सोडून पाठ सपाट करा. आता रॉड सेफ्टीवर बसला पाहिजे आणि गळा-चेहरा त्याच्या खाली सुखरूप राहिला पाहिजे. रॉड अजून अंगावरच असेल तर सेफ्टी एक भोक वर घ्या. हे रिकाम्या रॉडनं करून बघितल्याशिवाय एकही प्लेट चढवू नका. बैठकांसाठी तीच सेफ्टी तुमच्या सगळ्यात खालच्या जागेपेक्षा बोटभर खाली असावी, म्हणजे उठता आलं नाही तर तिथेच बसून रॉड ठेवता येतो.

रॅक नसेल तर डंबेल्स वापरा, ते बाजूला सोडता येतात. किंवा जमिनीवर झोपून प्रेस करा, तोही डंबेल्सनंच. अंगठा रॉडभोवती गुंडाळलेला असू द्या. अंगठा मोकळा ठेवून धरण्याची फॅशन आहे, रॉड हातातून निसटतो तो त्याच पकडीत.

आणि एक साधी गोष्ट: खोलीला आतून कडी लावू नका, फोन झोपल्या जागेवरून हाताला लागेल असा जमिनीवर ठेवा.

दाराच्या चौकटीत बसणारा पुलअप बार कितपत भरवशाचा?

तीन प्रकार आहेत. फिरवून दोन्ही बाजूंना दाबून बसवायचा बार निव्वळ घर्षणावर टिकतो, आणि लटकून हेलकावा घेतला की तो सरकू शकतो. त्याच्या दोन्ही टोकांना स्क्रूनं बसवायच्या वाट्या मिळतात, त्या लावल्या तरच मी त्यावर लटकेन. दुसरा, चौकटीच्या वरच्या पट्टीवर अडकणारा. तो चौकटीइतकाच मजबूत, म्हणजे नुसती शोभेची पट्टी असेल तर नाही. तिसरा, भिंतीत अँकर बोल्ट मारून बसवायचा, आणि तोच खरा. पण भिंत काँक्रीटची किंवा भरीव विटांची हवी. जिप्समच्या पार्टिशनला किंवा पोकळ ब्लॉकला तो बसवू नका.

बारवर छापलेली क्षमता स्थिर वजनाची असते. झटका देऊन वर जाताना त्यापेक्षा बराच जास्त भार पडतो, तेव्हा तुमच्या वजनाच्या दुप्पट क्षमता धरून चाला.

नुसत्या बँडवर भागेल का?

सुरुवातीला, प्रवासात आणि दुखापतीनंतर, हो. बँडचा स्वभाव लक्षात ठेवा: जितका ताणाल तितका जड होतो. म्हणजे व्यायामाच्या सुरुवातीला तो हलका आणि शेवटी जड. ढकलण्याच्या व्यायामांना हे बरं पडतं, बैठकीत खाली अगदीच काही वाटत नाही. आज नक्की किती किलो ओढले हेही कळत नाही, म्हणून कोणता बँड आणि उभं राहायची जागा कोणती ते वहीत टिपा.

वापरण्याआधी बँड उजेडात थोडा ताणून टोकांजवळ बघा. बारीक आडव्या भेगा, पांढुरका चिकटपणा किंवा कडेला चिरा दिसली की तो सरळ टाकून द्या, डोळ्यापाशी तुटलेला बँड फार महाग पडतो. दारात अडकवताना तुमच्या ओढण्यानं दार बंद होईल अशा बाजूला उभे राहा, उघडेल अशा नव्हे. रबराची अ‍ॅलर्जी असेल तर लॅटेक्सऐवजी कापडी बँड बघा, पण त्यांच्या आतही रबर असू शकतं.

ट्रेडमिल घ्यावी का?

आधी हे सांगा, बाहेर चालता येतं का? येत असेल तर मी थांबायला सांगेन. रात्री उशिरा वेळ मिळतो, रस्ता सुरक्षित नाही, घरात आजारी माणूस किंवा तान्हं मूल आहे, अशी कारणं असतील तर ट्रेडमिल खरोखर कामाला येते. (या यंत्राचा पूर्वज १८१८ मध्ये विल्यम क्यूबिट या इंग्रज अभियंत्यानं तुरुंगातल्या कैद्यांना राबवण्यासाठी काढला होता. कधी कंटाळा आला तर तो अगदीच निराधार नाही.)

घेताना मोटरचा मोठ्ठा छापलेला आकडा बघू नका. तो बहुतेकदा क्षणभराच्या कमाल ताकदीचा असतो. सतत चालताना मिळणारी ताकद, म्हणजे कंटिन्युअस हॉर्सपॉवर, विचारा. रोज धावणार असाल तर ती २.५ ते ३ च्या खाली नसावी. नुसतं चालायला १२० सेंमीचा पट्टा पुरतो, धावायला १४० ते १५० हवा, उंच माणसाला त्याहून जास्त.

मागे किमान दोन मीटर मोकळे सोडा. ट्रेडमिलवरून पडलेला माणूस मागे फेकला जातो, आणि भिंत असेल तर भिंत आणि फिरता पट्टा यांच्यात अडकतो. लाल दोरीची चावी (ती निघाली की पट्टा थांबतो) कपड्याला लावायचीच. यंत्राला वेगळा जड पॉइंट द्या, एक्स्टेंशनवर चालवू नका. पट्ट्याखाली काही महिन्यांनी सिलिकॉनचं तेल घालावं लागतं. ते राहून गेलं की घर्षण वाढतं, मोटर तापते, आणि बिल येतं ते मोटरचं.

मग सायकल किंवा रोइंग मशीन?

गुडघे कुरकुरत असतील तर सायकल. चुंबकाच्या रेझिस्टन्सची घ्या, पॅडवर घासून चालणारी आवाज करते आणि पॅड झिजतात. रोइंगमध्ये पाय, पाठ आणि हात तिन्ही लागतात, म्हणून जागेच्या मानानं मोबदला चांगला. मशीन साधारण आठ फूट लांब असलं तरी बरीच उभी करून ठेवता येतात. हवेच्या पंख्याचं मशीन तुम्ही जितकं जोरात ओढाल तितकं विरोध करतं: पंख्याचा वेग दुप्पट ठेवायचा तर आठपट शक्ती लागते. आवाजही तितकाच. घरात कोणी झोपलेलं असताना चुंबकाचं किंवा पाण्याचं बरं.

एकाच यंत्रात सगळं करणारं मल्टीजिम कसं?

माझ्या मते नको. जागा रॅकएवढीच खातं, आणि त्यातले निम्मे व्यायाम फक्त तक्त्यावरच्या चित्रात शोभतात. बसायची उंची एका माणसाला जुळली की दुसऱ्याला जुळत नाही. शिवाय किलोचे आकडे फसवे. केबल दोन पुलींमधून दुहेरी गेली असेल तर पिन ८० किलोवर लावली तरी हाताला ४० च लागतात. आपण खूप वजन ओढतो असं वाटून लोक खूष होतात आणि मग साधा रॉड उचलताना गोंधळतात. केबलचे व्यायाम आवडतच असतील तर रॅकला लावायची साधी पुली घ्या.

जुनं सामान घेतलं तर?

लोखंड डोळे मिटून घ्या. प्लेट नासत नाही, वरचा गंज तारेच्या ब्रशनं आणि रंगानं जातो. फक्त वजन काट्यावर करून बघा, स्वस्त प्लेटांवर छापलेलं आणि खरं यात फरक निघतो. रॉड मात्र सपाट फरशीवर लोळवून बघा. मधला भाग वर-खाली होताना दिसला तर वाकलाय, आणि वाकलेला रॉड सरळ होत नाही. बेंचचे आणि रॅकचे वेल्डिंगचे सांधे बोट फिरवून तपासा, रंगाखाली केसासारखी चीर लागते का बघा. जुनी ट्रेडमिल ओळखीच्या घरातली असल्याशिवाय घेऊ नये.

गंज आणि घामाचा वास कसा टाळायचा?

व्यायाम झाला की कोरड्या फडक्यानं पकड आणि बेंच पुसा, काम संपलं. महिन्या-दोन महिन्यांनी रॉडच्या खरखरीत भागातली घामाची आणि चॉकची पूड नायलॉनच्या ब्रशनं काढा आणि मशीनच्या तेलाचा हलका हात फिरवा, जास्तीचं तेल पुसून टाका. दमट हवेत रॉड जमिनीला लागून ठेवू नका. वास बहुधा मॅटखालच्या ओलीचा असतो, ती अधूनमधून उचलून खाली वाळू द्या.

आरसा हवाच का?

नाही. मोबाइल बाजूला कमरेच्या उंचीवर ठेवून सेटचा व्हिडिओ काढा, पाठ कुठे वाकते ते आरशापेक्षा स्पष्ट दिसतं. पंखा आणि उजेड मात्र हवेतच. अंधाऱ्या, कोंदट खोलीत व्यायाम टिकत नाही.

घरात लहान मुलं आहेत.

ट्रेडमिलची चावी काढून वर ठेवा. मुलांचे हात चालत्या पट्ट्यात अडकून खोल भाजल्यासारख्या जखमा होतात. प्लेटा भिंतीला टेकवून उभ्या ठेवू नका, स्टँडवर किंवा आडव्या ठेवा. बँड गळ्यात अडकू शकतात, ते कपाटात. व्यायाम चालू असताना दार ओढून घ्या, कडी लावू नका, म्हणजे दार उघडल्याचं तरी कळेल.

आठवड्यात किती वेळा करायचं?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस सगळ्या मोठ्या स्नायूंना ताण देणारा व्यायाम करावा. नव्या माणसाला वजनांचे दोन-तीन दिवस भरपूर झाले, मधल्या दिवशी चालणं.

वजन वाढवायचा एक सोपा हिशोब: एक वजन धरा, तीन सेट, प्रत्येकी आठ रेप्स (आवर्तनं). दर वेळी एखादी रेप वाढवत बारापर्यंत जा. तिन्ही सेटना बारा झाल्या की वजन एक पायरी वाढवा आणि पुन्हा आठवर या. वही ठेवलीत तरच हे जमतं, मागच्या वेळी किती मारल्या हे डोक्यात राहत नाही.

डॉक्टरांना विचारावं लागेल का?

छातीत दुखणं, चालताना धाप किंवा चक्कर, रक्तदाबाची किंवा हृदयाची औषधं, मधुमेह, गरोदरपण, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, यांपैकी काही असेल तर आधी विचारा. वजन उचलताना श्वास रोखून धरला की रक्तदाब क्षणभर बराच चढतो, हे त्यांना मुद्दाम सांगा.

डंबेल्सची वजनं आता हलकी वाटतात. लगेच नवं घ्यायचं का?

लगेच नको. आधी आहे तेच वजन तीन-चार सेकंद मोजत खाली न्या, तळाशी एक सेकंद थांबा आणि मग वर या. बैठका एका पायावर आणा, मागचा पाय बेंचवर ठेवून. पुशअप करताना पाय उंचावर ठेवा किंवा पाठीवर सॅक घ्या. बहुतेक व्यायामांत यानं आणखी काही महिने निघतात. एवढं करूनही दोन्ही पायांच्या बैठका आणि डेडलिफ्ट हलकेच वाटत असतील तर डंबेल्सच्या मोठ्या जोडीवर पैसे घालू नका. आता रॉड, प्लेटा आणि सेफ्टीचा रॅक घ्या, आणि तो मागवण्याआधी चिकटपट्टीनं आखलेल्या रेघेवर रॉडची दोन्ही टोकं मोकळी राहतात ना ते मोजून घ्या.